रामटेकच्या वाटेवर, थांबत थांबत

बाहेरगावच्या पाहुण्यानं नागपूरच्या माणसाला विचारावं, 'तुमच्याकडे दोन दिवस हिंडण्यासारखं काय आहे?' तर उत्तर ठरलेलं असतं. 'ताडोबाला जा, नाहीतर पचमढी करून या. चिखलदराही छान आहे.' म्हणजे पाहुण्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पिटाळायचं आणि आपण मोकळं व्हायचं. फारच आग्रह झाला तर झिरो माईलचा दगड दाखवायचा. तो दगड १९०७ सालचा, भूमापनाच्या कामासाठी उभारलेला. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला पाच मिनिटं पुरतात. पुढं काय?

पुढं काय, तेच आज सांगायचं आहे. मी इतिहासाचा शिक्षक. नोकरीत होतो तेव्हा मुलांच्या सहली नेल्या, निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या मंडळींच्या नेऊ लागलो. त्यात आजी-आजोबा असतात, गुडघेदुखीवाले असतात, दर अर्ध्या तासानं भूक लागणारी नातवंडं असतात. अशा सगळ्यांना झेपेल असा एक बेत माझ्याजवळ तयार आहे. शनिवारी पहाटे निघायचं, रामटेकला मुक्काम करायचा आणि रविवारी दिवे लागायच्या आत घरी यायचं. गाडीचा सगळा प्रवास मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि एका दमात चालायचं ते फार तर तासभर. चढ एकच, रामटेकचा, आणि त्यालाही गाडीरस्ता आहे.

सह्याद्रीतल्या लोकांना इतिहास मान वर करून पाहायची सवय असते, कारण किल्ला डोंगरावर असतो. आपल्या सपाट मुलखात तो बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढा उंच आहे, आणि काही ठिकाणी तर पायाखालीच. गाडीतून जाताना तो दिसत नाही. त्यासाठी उतरून चालावं लागतं.

आधी दिवस कोणते ते ठरवा. नागपूरच्या वैशाखाबद्दल नागपूरकरांना मी काय सांगावं! पावसाळ्यात काळी माती अशी धरते की चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढं जातो. तेव्हा दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने उत्तम. आपल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं. कार्तिकातलं आवळीभोजन म्हणजे दुसरं काय? घरातल्या बायकांची एक दिवस चुलीपासून सुटका, झाडाखाली पंगत आणि पोरांना मोकळं रान. पिकनिक हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची ही पिकनिक आहे.

पावसाळ्यात जाऊ नका असं म्हणतो त्याला एक ऐतिहासिक दाखलाही आहे. हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते स्टीफन हिस्लॉप हे १८४५ पासून नागपुरात असलेले स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचं काम, पण जीव रमायचा दगडांत. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या. वर्धा रस्त्याकडच्या टाकळघाट गावाजवळ दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत. ती पाहायला ते मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ चा दिवस. परतताना पावसानं फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. माझ्या हिशेबानं दगडांची वर्तुळं पाहायला मुद्दाम गावाबाहेर पडलेले ते पहिले नामांकित नागपूरकर. त्यांच्या मागं राहिलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतले.

आपल्याला मात्र टाकळघाटला जायचं नाही. तसलीच वर्तुळं त्याहून जवळ आहेत. काटोल रस्त्यानं शहराबाहेर पडलात की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी येतं. इथं आणि आसपासच्या माळावर मिळून सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. सकाळी सात-साडेसातला पोचा. तेव्हा ऊन तिरपं असतं, दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि जे दुपारी नुसते विखुरलेले धोंडे वाटतात ते गोल मांडलेले आहेत हे सकाळी चटकन कळतं. एक वर्तुळ ओळखू आलं की नजर तयार होते. मग दुसरं, तिसरं, आणि पाहता पाहता सगळा माळ वर्तुळांनी भरलेला दिसू लागतो. मुलांना सांगावं, 'शोधा'. माझा अनुभव असा की पहिलं वर्तुळ मोठ्यांना दिसतं आणि पुढची दहा मुलांना.

ही वर्तुळं म्हणजे थडगी आहेत. काळ्या धोंड्यांचं कडं, आत दगडगोट्यांची भर, आणि तिच्याखाली मृताचे अवशेष व त्याच्याबरोबर पुरलेल्या वस्तू. हे लोक लोखंड वापरणारे होते. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं ते १७०२ च्या सुमारास. म्हणजे आपलं शहर सव्वातीनशे वर्षांचं, आणि त्याच्या वेशीवरची ही स्मशानभूमी अडीच हजार वर्षांहून जुनी.

जुनापाणीला पहिली कुदळ मारली ती रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं. हा माणूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस-आयुक्त. मँचेस्टरच्या गिरण्यांना इथला कापूस नीट पोचतो की नाही हे पाहणं त्याची नोकरी, आणि थडगी उकरणं हा त्याचा छंद. त्याला खंजीर, सपाट कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या तोंडातले लगाम अशा लोखंडी वस्तू मिळाल्या, काळी-तांबडी खापरं मिळाली. त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ मध्ये छापून आला. त्याचं लक्ष विशेष गेलं ते धोंड्यांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांकडं. असलेच खळगे ब्रिटनमधल्या प्राचीन दगडांवरही आहेत, त्यामुळे तो चक्रावून गेला आणि त्यानं दोन्हींची तुलना मांडली. स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. के. थापर यांनी इथं शास्त्रीय उत्खनन केलं. अलीकडच्या काळात खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनीही हे खळगेवाले दगड मोजले. ते वर्तुळात कुठंही नसून ठरावीक दिशांनाच येतात असं त्यांचं निरीक्षण आहे. त्या दिशा सूर्याच्या, चंद्राच्या की आणखी कशाच्या, यावर वाद घालायला जुनापाणीसारखी जागा नाही. डबे उघडा, पोहे खा आणि वाद घाला. फक्त एक करा. खळगे बोटानं चाचपून पाहायचे, खडूनं रंगवायचे नाहीत. आणि दगड जागचा हलवायचा नाही, कारण दगड हलला की दिशा गेली.

हे बजावून सांगतो, कारण हलवणारे पुष्कळ आहेत. माळावर शेळ्या चारणारे एक म्हातारे मला एकदा म्हणाले, 'तुम्ही गोटे पाहून राहिले का जी? आमच्या लहानपणी लय होते. मंग गिट्टीवाल्यानं नेले, बांधाले लागले.' संरक्षित जागेचं काही अंशी तरी निभावतं. पण विदर्भातली अशी कितीतरी वर्तुळं कुठल्याही कुंपणाबाहेर, कुणाच्या तरी शेतात नाहीतर विकायला काढलेल्या लेआउटमध्ये आहेत. धोंडा बांधाला उपयोगी, गिट्टीला उपयोगी, घराच्या पायाला उपयोगी. प्लॉट पाडणाऱ्याला तर तो अडचणच. इमारत पाडली तर निदान बातमी होते. दहा धोंडे उचलून नेले तर ते गेल्याचं कळायलाही ते आधी कुणीतरी पाहिलेले असावे लागतात. म्हणून मी लोकांना इथं घेऊन येतो. फोटो काढायला सांगतो, त्यावर तारीख घालायला सांगतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी उभं राहायला सांगतो.

तिथून पुढं माहूरझरी. गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूचं हे लहानसं गाव. इथल्या वर्तुळांचं उत्खनन १९७० ते ७२ या काळात नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली झालं. एका थडग्यात चक्क घोडा निघाला, तांब्याच्या दागिन्यांनी मढवलेला! मालकाबरोबर त्याचाही बळी दिला असावा, असं हाडांवरच्या खुणा सांगतात. आज ज्या माळावर सायकलसुद्धा नीट चालत नाही तिथं कुणीतरी सजवलेल्या घोड्यावर बसून हिंडत होतं, आणि त्याच्या माणसांना तो इतका मोठा वाटत होता की त्याला एकट्याला पाठवायला ती तयार झाली नाहीत. माहूरझरीची दुसरी ओळख मण्यांची. अकीक आणि तशाच रंगीत दगडांचे मणी घडवण्याचा उद्योग इथं फार जुन्या काळापासून होता, आणि पुढं वाकाटकांच्या काळापर्यंत इथं वस्ती नांदती होती. शेताच्या कडेनं चालताना एखादा चकाकणारा तुकडा दिसला तर पाहून तिथंच ठेवा. मण्याची किंमत तो कुठं मिळाला यात असते. घरच्या शोकेसमध्ये तो नुसता खडा होतो.

एवढं होईतो साडेदहा-अकरा वाजतात. काटोल रस्त्याला परत लागलात की संत्र्याच्या बागा येतात. आंब्या बहाराची फळं डिसेंबरात हातगाड्यांवर असतात. बागेच्या कडेला उभं राहून खाल्लेलं संत्रं आणि बाजारातून आणलेलं संत्रं यांच्या चवीत फरक असतो, यावर माझा ठाम विश्वास आहे. नागपूरकडे संत्र्याची कलमं भोसल्यांच्या काळात औरंगाबादेकडून आली असं जुने दाखले सांगतात. दोन डझन घ्या, वाटेत संपतात.

बाह्यवळण रस्त्यानं कोराडीवरून जबलपूरच्या रस्त्याला लागायचं. कोराडीला देवी आहे आणि वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत. ज्यांना दर्शन घ्यायचं त्यांनी घ्यावं. कामठी ही १८२१ मध्ये वसलेली इंग्रजांची छावणी. तिच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नको. कन्हान नदी ओलांडली की शेतं पसरट होत जातात आणि उत्तरेला टेकड्यांची निळसर रेघ दिसू लागते. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणून ओळखला जातो, पूर्वी सात नंबरचा होता. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची ही फार जुनी दिशा. यात्रेकरू, फौजा, बंजाऱ्यांचे तांडे सगळे इकडूनच गेले. आता ट्रक जातात आणि ते सुसाट असतात. मनसरपर्यंत डाव्या बाजूनं सावकाश चला, घाई कसलीच नाही.

मनसर म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीनं रामटेकचा फाटा आणि चहाच्या टपऱ्या. मँगेनीजच्या खाणींमुळे गावाचं नाव उद्योगाच्या नकाशावर आहे. पण फाट्यापासून जवळच तळं आहे आणि तळ्याच्या काठी टेकड्या आहेत. त्यातली एक हिडिंबा टेकडी. महाभारतातल्या हिडिंबेचं नाव लोकांनी दिलं, कारण एवढा मोठा विटांचा ढीग माणसानं रचला असेल हे कुणाला खरं वाटत नव्हतं. शेजारच्या टेकडीचं नातं लोकपरंपरा बोधिसत्त्व नागार्जुनाशी जोडते. नागार्जुनाच्या नावानं स्थापन झालेल्या स्मारक संस्थेच्या पुढाकारानं १९९७-९८ पासून इथं उत्खनन सुरू झालं. ज. प. जोशी आणि अ. कु. शर्मा हे अनुभवी पुरातत्त्वज्ञ त्याचे प्रमुख होते. माती बाजूला झाली तशी पायऱ्या, चौथरे आणि ताऱ्यासारख्या कोनांची लहान देवळं दिसू लागली. सगळं विटांचं.

हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं काम असावं, पाचव्या शतकातलं. त्यानं वसवलेली प्रवरपूर नावाची राजधानी ताम्रपटांतून माहीत होती, पण जागा ठरत नव्हती. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे भीष्माचार्य म. म. वा. वि. मिराशी यांनी ती वर्ध्याजवळचं पवनार म्हणून सांगितली होती. मनसरच्या उत्खननात प्रवरेश्वराचं नाव असलेली मुद्रा निघाली आणि पारडं इकडं झुकलं. डच अभ्यासक हान्स बाकर यांनी हा पक्ष विस्तारानं मांडला आहे. मिराशींबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, पण इथं मला विटांचं म्हणणं जास्त पटतं. संध्याकाळी चारच्या सुमारास टेकडीवर जा. तांबूस विटांवर मावळतीचं ऊन पडतं. इथंच १९७२ मध्ये सापडलेली शिवाची बसकी, गुबगुबीत, हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर आपल्या गावचा माणूस भेटावा तसं वाटेल.

मुक्काम रामटेकला. जेवणात झुणका-भाकर आणि वांग्याची भाजी मिळाली की आणखी काही मागू नये. जेवणानंतर पान. रामटेकचं पान एकेकाळी दूरदूरच्या बाजारात जायचं. बारई समाजाचे पानमळे गावाभोवती होते, आता ते पुष्कळ कमी झाले आहेत.

रविवारी उजाडायच्या सुमारास अंबाळा तलावावर या. चारी बाजूंनी घाट आणि देवळं, पाण्यावर धुकं, आणि पितरांचे विधी करायला आलेली दोन-चार कुटुंबं. इथून जुना पायऱ्यांचा रस्ता टेकडीवर चढतो. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, थांबत थांबत कुणीही चढेल. ज्यांना नको त्यांनी गाडीनं दुसऱ्या बाजूनं वर यावं, भेट वराहापाशी ठरवावी. वानरांपासून मात्र पिशव्या सांभाळा. त्यांना प्रसाद आणि मोबाइल यात भेद करता येत नाही.

या पायऱ्यांना फार जुन्या पावलांची सवय आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गुजरातेतल्या भडोचहून घराबाहेर पडले ते रामयात्रेच्या निमित्तानं, म्हणजे रामटेकला यायचं म्हणून, असं त्यांची चरित्रपरंपरा सांगते. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. तेराव्या शतकात भडोचच्या माणसानं घरच्यांना सांगितलं तरी पटेल, एवढं हे ठिकाण प्रसिद्ध होतं. त्याच शतकातला यादव राजा रामचंद्र याच्या काळचा शिलालेख वर लक्ष्मणाच्या देवळात आहे. आज दिसणारी तटबंदी, दरवाजे आणि देवळांची बरीच डागडुजी भोसल्यांच्या काळातली.

पण मंडळी सगळी धावतात राम-लक्ष्मणाच्या देवळाकडं, आणि वाटेतली दोन ठेंगणी, जाड भिंतींची देवळं मागं राहतात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. या टेकडीवरची सर्वांत जुनी उभी देवळं हीच, पाचव्या शतकातली. आत बसलेला भला थोरला नरसिंह आहे. जवळच अवाढव्य वराह आहे. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो निष्पाप, असा समज आहे. आमच्या गल्लीतले पुष्कळ जण दरवर्षी पार होतात, तेव्हा या कसोटीबद्दल मी अधिक बोलत नाही.

केवल नरसिंहाच्या देवळातल्या भिंतीवरचा चुन्याचा थर १९८० च्या दशकात निघाला आणि खाली लेख दिसला. तो तुटका आहे, निम्मा झिजलेला आहे. पण त्यात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याची हकीकत आहे. तिच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी हे देऊळ उभारलं असावं, असं त्याचं वाचन अभ्यासकांनी केलं आहे.

ही प्रभावतीगुप्ता कोण? पाटलीपुत्राच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. विदर्भाच्या वाकाटक घराण्यात दिली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या सुरुवातीला सुमारे वीस वर्षं तिनं मुलांच्या नावानं राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट पुण्यात उजेडात आला. त्यात कार्तिक शुद्ध द्वादशीला एक गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि तो नंदिवर्धन राजधानीतून दिला आहे. वंशावळ सासरची नाही, माहेरची आहे. गोत्रसुद्धा वडिलांचं, धारण. दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा, मुलगा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. तो मात्र राजधानीतून नव्हे, रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिल्याचं तीच सांगते. रामगिरी म्हणजे ही टेकडी, हे मिराशींनी या पुराव्याच्या बळावर मांडलं.

आणि रामगिरी म्हटलं की मेघदूत आलंच. कालिदासाचा यक्ष वर्षभर रामगिरीवर राहिला आणि आषाढात ढगाला निरोप सांगू लागला. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं इंग्रज पंडित होरेस विल्सन यानं मेघदूताच्या आपल्या १८१३ मधल्या भाषांतराच्या टिपांत म्हटलं होतं. तेव्हा नागपुरात दुसरे रघूजी भोसले राज्य करत होते. छत्तीसगडमधल्या सरगुजाजवळचा रामगढ हाच खरा, असं म्हणणारेही आहेत. मिराशींनी ढगाचा मार्ग गावागावानं तपासून रामटेकची बाजू लावून धरली. टेकडीवर आता कालिदासाचं स्मारक आहे, गावात १९९७ पासून त्याच्या नावाचं संस्कृत विश्वविद्यालय आहे. मला विचाराल तर कालिदास इथं राहिला की नाही हे सिद्ध करणं कुणाच्या हातात नाही. प्रभावती मात्र इथं नक्की आली होती. तिनं तसं तांब्यावर लिहून ठेवलं आहे. तरीही कवीचं स्मारक आहे आणि राज्य करणाऱ्या बाईच्या नावाची एवढीशी पाटीही मला कुठं आढळलेली नाही.

वरच्या कठड्यापाशी उभं राहा. पश्चिमेकडं मनसर, काल पाहिलेलं. दक्षिणेकडं सपाटीवर नगरधन, आता जायचं ते. नगरधन म्हणजेच नंदिवर्धन, नावातच ओळख आहे. राजवाडा तिकडं, प्रवरेश्वर इकडं आणि देव मधे डोंगरावर. एका नजरेत मावणारी ही राजधानी. सकाळी निघालेला माणूस चालत दुपारपर्यंत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल एवढीच तिची लांबी. दोन दिवसांचा बेत मी याच क्रमानं का आखला ते इथं उभं राहिल्यावर कळतं. कागदावर नकाशा काढून मुलांच्या हाती द्या आणि वरून गावं ओळखायला लावा.

नगरधनचा आजचा किल्ला भोसल्यांच्या काळचा. भिंतींच्या कडेनं एक फेरी सहज होते, सावलीही मिळते. आत जमिनीखाली बारवेसारख्या जागेत देवी आहे. पायऱ्या उतरताना गारवा जाणवतो. किल्ल्याच्या आसपास २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं उत्खनन केलं. मातीची कर्णभूषणं, काचेच्या वस्तू, गणपतीची एक साधी, दागिन्यांविना घडवलेली मूर्ती अशा रोजच्या जगण्यातल्या गोष्टी निघाल्या. आणि एक मातीची मुद्रा निघाली, बोटांच्या चिमटीत मावेल एवढी. तिच्यावर प्रभावतीगुप्तेचं नाव आहे आणि शंख आहे. ताम्रपट कुठंही नेता येतो, पुण्याचा तसाच फिरत फिरत पुण्याला गेला. पण कागदपत्राला लावलेली मातीची मुद्रा फुटून पडते ती कचेरीत. त्या मुद्रेनं नंदिवर्धनाची आणि तिची गाठ जमिनीतच घालून दिली. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. नगरधनच्या ज्या शेतात तुमची गाडी वळवायला जागा मिळते, तिथंच कुठंतरी सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईच्या सहीनं गावं दिली-घेतली जात होती.

ज्यांना दुपारी घरी जायचं आहे ते नगरधनहून थेट निघाले तरी चहाच्या वेळेला नागपुरात पोचतात. पोरं बोटीसाठी हटून बसली तर खिंडसीच्या तलावावर जा. सोमवारची रजा टाकलेली असेल तर पेंचच्या बाजूला वळा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत गडद आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली, देशात असं पहिलंच. यक्षाला दिसत असेल तसं आकाश तिथं अजून दिसतं.

परतीला मी स्वतः पारशिवनीवरून येतो. तिथं पेंच नदीकाठी नयाकुंड आहे. १९७८ ते ८० दरम्यानच्या उत्खननात इथं लोखंड गाळायची भट्टी निघाली, शिळावर्तुळांच्या लोकांची, इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची. जुनापाणीचे खंजीर आणि लगाम असल्याच एखाद्या भट्टीतून निघालेल्या लोखंडाचे. पाहायला आता फारसं काही नाही, नदी आहे आणि काठ आहे. उतरून दहा मिनिटं बसायला जागा छान आहे, फक्त झाडं थोडी आहेत, तेव्हा उन्हं कलल्यावरच जा.